ऑनलाइन छळणारी मुलं आतून घाबरट असतात का?

एक मेसेज गेली कित्येक वर्षं फिरतोय, ऑनलाइन दुसऱ्याला छळणारी मुलं म्हणजे न्यूनगंड असलेली, एकटी पडलेली, मित्र नसलेली. वाचायला बरं वाटतं, आणि अगदी खोटंही नाही, कारण जी मुलं स्वतः छळ सोसतात आणि मग दुसऱ्याला छळतात त्यांच्यात उदासी, चिंता खरंच जास्त दिसते. पण सगळी तशी नसतात.

बऱ्याच जणांचा आत्मविश्वास ठीकठाक असतो, ग्रुपमध्ये वजनही असतं. तेरा-चौदाव्या वर्षी आपल्या वयाच्या मुलांत किंमत असणं हीच मोठी गोष्ट, आणि कुणाची तरी उडवली की ती मिळते. त्यात समोरच्याचा पडलेला चेहरा स्क्रीनवर दिसत नाही, म्हणून मग "अरे गंमत होती" म्हणून स्वतःचीच समजूत घालणं सोपं जातं. आणि हे कोणी अनोळखी लपून करतंय असंही दरवेळी नसतं, वर्गात त्रास देणारेच पुष्कळदा फोनवरही असतात.

पडताळायचंय? एखादा त्रासाचा प्रसंग घ्या, तुमची मुलगी दाखवत असेल तर तिच्याबरोबर बसून तो ग्रुप बघा. कुणाचा तरी फोटो, खाली एक टोमणा, त्याखाली हसऱ्या इमोजींची रांग. टोमणा मारणाऱ्याला एरवी किती जण रिप्लाय देतात ते मोजा. एकटा वाटतो का तो? आणि इमोजी थांबल्यावर त्याचा पुढचा टोमणा किती वेळाने येतो, तेही बघा (दाद मिळेनाशी झाली की टोमणेही थांबतात का, ते यातून कळतं).