बंदुकीच्या दस्त्यावरचं चेकरिंग हौशी हातांत कसं आलं

बंदुकीच्या लाकडी दस्त्याच्या मुठीवर आणि नळीखालच्या लाकडावर शंकरपाळ्यांसारखी बारीक नक्षी असते, तिला चेकरिंग म्हणतात. ती आली पकडीसाठी. शोभेचा विचार नंतरचा. तेल पाजून गुळगुळीत केलेलं अक्रोडाचं लाकूड घामेजलेल्या किंवा पावसात भिजलेल्या हातातून सटकतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधले कारागीर त्यावर एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या चरी पाडू लागले. तेव्हा चरी अरुंद असत आणि मधला भाग वरून सपाट राही. पुढे चरी व्हीच्या आकाराच्या झाल्या, प्रत्येक शंकरपाळ्याला टोक आलं. हाताला धरून ठेवतं ते हे टोक.

लंडन-बर्मिंगहॅमच्या या धंद्यात कामं वाटलेली असत. चाप करणारा वेगळा, दस्ता बसवणारा वेगळा, धातूवर कोरणारा वेगळा. चेकरिंग शिकायचं तर उमेदवारीच करावी लागे.

हे चित्र बदललं ते अमेरिकेत. पहिल्या महायुद्धानंतर स्प्रिंगफील्ड 1903 या लष्करी रायफलीला नवा दस्ता चढवून शिकारीची रायफल बनवायची पद्धत रुजली. 1923 मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या ग्रिफिन अँड हाव या बंदूक बनवणाऱ्या कंपनीचं त्यात मोठं नाव झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर तर जुन्या लष्करी रायफली टपालाने, स्वस्तात घरपोच मिळू लागल्या. मिझुरीतल्या वॉर्सा या छोट्या गावातून बिशप आणि फाजेन या कंपन्या अर्धवट घडवलेले दस्ते पाठवत. आयोवातली ब्राउनेल्स ही कंपनी 1939 पासून बंदूक-कारागिरांची अवजारं पुरवत होतीच. 1968 च्या कायद्याने टपालाची ही विक्री थांबली, पण तोवर हौशी माणसांच्या हातात हे काम पुरतं बसलं होतं.

माझ्या मते खरी वाट मोकळी केली ती एका साध्या हत्याराने. त्याच्या पात्याला दातांच्या दोन समांतर रांगा असतात. एक रांग आधी पाडलेल्या चरीत चालते, दुसरी तेवढ्याच अंतरावर नवी रेघ आखते. सुरुवातीच्या दोन मुख्य रेघा अचूक पडल्या, की पुढचं अंतर हत्यार सांभाळतं. या दोन रेघांतला कोन असा धरतात, की शंकरपाळं रुंदीच्या सुमारे तिप्पट लांब व्हावं. तरी मुठीच्या गोलाईवर हत्यार किंचित कलतं, आणि केसाएवढी चूक पुढच्या प्रत्येक रेघेत उतरत जाते. म्हणून पहिला हात अगदी उथळ मारायचा. सगळ्या रेघा जुळल्या की मगच दोन-तीन फेऱ्यांत चरी खोल करायच्या. नवशिक्याने इंचाला 16 ते 18 रेघा घ्याव्यात. 24 ला हात बसलेला लागतो, आणि अमेरिकन काळ्या अक्रोडाच्या लाकडातल्या मोकळ्या धाग्यांत त्याहून बारीक टोकं तुटू लागतात.

कारखाने मात्र उलट दिशेने गेले. हाताने चेकरिंग करायला वेळ लागतो, वेळेचे पैसे लागतात. रेमिंग्टन या अमेरिकन कंपनीने 1962 च्या मॉडेल 700 रायफलीवर साच्याने दाबलेली नक्षी आणली, विंचेस्टरने 1964 मध्ये मॉडेल 70 वर. त्यात शंकरपाळी वर येण्याऐवजी आत दबलेली होती, त्यामुळे हाताला काही लागतच नसे. गिऱ्हाइकांची नाराजी रास्त होती. 1964 च्या आधीच्या मॉडेल 70 ला आजही जास्त भाव येतो, त्यामागे इतर बदलांबरोबर हेही कारण आहे. पुढे यंत्राने खरोखर कापलेली नक्षी परत आली, आता लेझरचीही असते.

हाताने कापलेल्या जुन्या नक्षीचा एक फायदा नवशिक्यालाही मिळतो. झिजलेल्या, मळ बसलेल्या दस्त्यावर रेघा आधीच आखलेल्या असतात. टूथब्रशने मळ काढायचा आणि एका रेघेच्या हत्याराने त्याच चरी हलक्या हाताने पुन्हा टोकदार करायच्या. अंतर आणि कोन दोन्ही जुन्या कारागिराने ठरवून ठेवलेले असतात, तेव्हा सगळं लक्ष हाताच्या दाबावर देता येतं. कोऱ्या लाकडाकडे वळण्याआधी अनेक जण हेच काम घेतात.