दाराच्या गोल कोपऱ्यासाठी पट्टी: एचई-9 की एचई-30?

घरी बांधलेल्या कॅम्पर ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या) दाराला गोल कोपरे ठेवले की कडेवर बसणारी एल आकाराची ॲल्युमिनियम पट्टी वाकवावीच लागते. अमरावती, अकोला किंवा नागपूरच्या सेक्शनच्या (तयार आकाराच्या ॲल्युमिनियम पट्ट्या-नळ्यांच्या) दुकानात एचई-9 आणि एचई-30 हे ॲल्युमिनियमचे दोन मिश्रधातू शेजारी ठेवले, तर रंग, चमक किंवा वजन यांवरून ते वेगळे ओळखता येत नाहीत. गावात ट्रॅक्टरची ट्रॉली बांधून देणारे फॅब्रिकेटर सवयीने दणकट माल, म्हणजे एचई-30, सुचवतात, आणि ट्रॉलीपुरते ते योग्यच असते. दाराच्या गोलाईवर मात्र तो माल तडकतो.

एचई-9 म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रमांकाने 6063, भारतीय मानकांतील 63400. एचई-30 म्हणजे 6082, मानकांतील 64430. मॅग्नेशियम आणि सिलिकॉन दोन्हींत असतात, पण 6082 मध्ये सिलिकॉन अधिक असते आणि 0.4 ते 1 टक्का मँगेनीजही असते. खिडक्या-दरवाजांचे सेक्शन एचई-9 चे आणि भार पेलणारे सांगाडे एचई-30 चे, अशी साधारण विभागणी आहे. दाराचा भार लाकडी किंवा लोखंडी चौकट पेलते, पट्टीचे काम कड झाकण्याचे आणि पाणी अडवण्याचे असते, म्हणून इथे एचई-9 च घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही नुसते एचई-9 मागून भागत नाही, कारण एकच मिश्रधातू कमी-अधिक कडक करून विकला जातो आणि त्या कडकपणाला टेंपर म्हणतात. 6063 टी-6 अवस्थेत सुमारे 215 मेगापास्कल ताणाला कायमचा वाकू लागतो, टी-5 मध्ये सुमारे 145 ला, आणि पूर्ण नरम केलेल्या ‘ओ’ अवस्थेत जेमतेम 50 ला. खिडकीचा माल बहुधा टी-5 किंवा टी-6 असतो. टी-4 मिळाला तर तो घ्यावा, कारण तुटण्याआधी तो टी-6 पेक्षा बराच अधिक ताणला जातो.

हा ताण किती पडतो, ते विकत घेण्याआधी कागदावर काढता येते. कोपऱ्याची त्रिज्या 200 मिमी असेल आणि पट्टीची 20 मिमी रुंद बाजू दाराच्या कडेबाहेर येऊन ट्रेलरच्या भिंतीवर टेकत असेल, तर त्या बाजूची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा 10 टक्के लांब व्हावी लागते. कडक मालात चीर तिथूनच पडते. ती बाजू आत, दाराच्या पत्र्यावर बसवली तर ताणाऐवजी दाब येतो आणि सुरकुत्या पडतात. त्रिज्या 400 मिमी केली की हीच तफावत 5 टक्क्यांवर येते, म्हणून दाराचा आराखडा आणि पट्टीची निवड एकाच बैठकीत ठरवणे मला अत्यावश्यक वाटते.

कडक पट्टी तापवून नरम करता येते, परंतु लोखंडावर हात बसलेल्या कारागिराने इथे विशेष जपायला हवे. लोखंड लाल होऊन तापमान सांगते. ॲल्युमिनियम वितळेपर्यंत रंग जवळजवळ बदलतच नाही, आणि 6063 तर सुमारे 615 अंशांपासूनच वितळू लागतो. नरम होण्यासाठी 400 अंशांच्या आसपास पुरेसे असते. म्हणून पट्टीवर अंगाच्या साबणाची रेघ ओढावी, ज्योत सतत फिरती ठेवावी आणि रेघ काळी पडताच ज्योत बाजूला घ्यावी. वाकवण्याचे काम पट्टी हवेत थंड झाल्यावर, जाड प्लायवूडच्या साच्याभोवती, मधून टोकांकडे जात करावे. दोन्ही टोकांना वीतभर जास्तीची लांबी ठेवली तर पकड मिळते. ॲनोडाइझ केलेला (वर ऑक्साइडचा कडक थर चढवलेला) माल टाळावा, कारण वाकवताना त्या थरावर केसासारख्या बारीक रेषा उमटतात.

बसवताना आपल्याकडचा उन्हाळा हिशेबात घ्यावा लागतो. ॲल्युमिनियम उष्णतेने लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, आणि पहाटेच्या गारव्यापासून चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यातील दुपारपर्यंत पट्टीचे तापमान 40 अंशांनी वाढले तर मीटरभर पट्टी सुमारे 0.9 मिमी लांबते. स्क्रूची भोके तेवढी सैल पाडावीत, स्क्रू स्टेनलेसचे घेऊन पट्टीखाली ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) लावावी, आणि पट्टीचा सांधा दाराच्या खालच्या सरळ कडेवर ठेवावा, म्हणजे आत शिरलेले पावसाचे पाणी तिथून निथळून जाईल.