नऊ वॅटचा बल्ब म्हणजे नेमका किती उजेड? थोडी पार्श्वभूमी

नागपुरात सीताबर्डीवर असो की महालात, इलेक्ट्रिकच्या दुकानात गिऱ्हाईक आजही "एक नऊ वॅट द्या" असंच म्हणतं, दुकानदार तो काउंटरवरच्या होल्डरमध्ये लावून पेटवून दाखवतो, पेटला की पैसे द्यायचे आणि निघायचं. उजेड किती, हे कोणी विचारत नाही. ही सवय कुठून आली ते बघायला फार मागे जायची गरज नाही, २०१४ ते २०१८ ही चार वर्षं पुरेशी आहेत.

त्याआधीचं थोडक्यात. पिवळ्या बल्बच्या काळात चाळीसचा, साठचा, शंभरचा असे ठरलेले आकडे होते आणि सगळ्या कंपन्यांचे बल्ब साधारण सारखाच उजेड द्यायचे, म्हणून वॅट सांगितला की काम भागायचं. मग लोडशेडिंगची वर्षं आली. कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं आपल्या उशाशी, तरी आजूबाजूच्या गावांत लाईन तासन्‌तास नसायची, आणि त्याच काळात घरोघरी सीएफएल, म्हणजे वळवलेल्या नळीचा दिवा, घुसला. तो पेटल्यावर पूर्ण उजेड यायला वेळ लागायचा, वर आत पारा, फुटला की भीती.

पांढऱ्या एलईडीला लागणारा निळा दिवा १९९० च्या दशकात जपानमध्ये जमला, त्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्या उजेडात पिवळा चमकणारा लेप, लावला की पांढरा उजेड मिळतो. पण आपल्याकडे घरात एलईडी आला तो तंत्रापेक्षा किमतीमुळे. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका बल्बचा भाव ३१० रुपये होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. जानेवारी २०१५ ला सुरू झालेली योजना, जिला पुढे उजाला नाव पडलं, तिनं एकगठ्ठा टेंडर काढून हा भाव पाडला, लोकांना बल्ब बाजारापेक्षा कितीतरी स्वस्त आणि काही ठिकाणी बिलातून हप्त्यानं मिळाले. देशभरात छत्तीस कोटींच्या वर बल्ब वाटले गेले. हे काम मोठं आहे, यात वाद नाही.

वाद आहे तो एका निर्णयावर. सगळ्यांना एकाच मापाचा बल्ब, आधी ७ वॅटचा, नंतर ९ वॅटचा, आणि तोही थंड पांढऱ्या उजेडाचा. भाव पाडायचा तर एकच माप हवं हे कळतं, पाच प्रकार केले असते तर ३८ रुपये शक्यच नव्हते. पण याचा परिणाम असा झाला की "नऊ वॅट" हेच घरातल्या उजेडाचं माप होऊन बसलं. ज्या वेळी कोट्यवधी लोक पहिल्यांदा नवा दिवा हातात घेऊन राहिले होते, तीच वेळ ल्युमेन, म्हणजे उजेड मोजायचं माप, समजावून सांगायची होती, खोक्यावर मोठ्या अक्षरात छापायची होती. ती गेली. माझ्या मते या सगळ्यातली खरी चूक हीच.

कारण एलईडीत वॅट फक्त वीज किती खाणार ते सांगतो. एका वॅटमागे ८० ल्युमेन देणारा ९ वॅटचा बल्ब ७२० ल्युमेनचा झाला आणि १२० देणारा १०८० चा. दोन्हींवर मोठ्या अक्षरात ९ च लिहिलेलं, आणि फरक दीडपट.

त्यात भर "इतक्या वॅटच्या बरोबरीचा" या दाव्याची. कुठे ९ वॅट म्हणजे साठचा बल्ब, कुठे पंच्याहत्तरचा, कुठे थेट शंभरचा. काहून असं? एक कारण म्हणजे बाहेरचे तक्ते. अमेरिकेत १२० व्होल्ट, तिथला साठचा बल्ब साधारण ८०० ल्युमेन द्यायचा आणि शंभरचा १६०० च्या आसपास. आपल्याकडे २३० व्होल्ट, त्यासाठी बल्बमधली तार जास्त लांब आणि बारीक लागते, ती तेवढी तापवता येत नाही, म्हणून आपला साठचा ७०० च्या आसपास आणि शंभरचा साधारण १३५० ल्युमेनचा. म्हणजे ९०० ल्युमेनचा चांगला ९ वॅट आपल्या जुन्या साठच्यापेक्षा बराच वर, पण शंभरच्यापेक्षा स्पष्टच खाली. शंभरच्या जागी लावायचा तर १२ ते १४ वॅटचा बघावा लागतो. आणि जुन्या चार फुटी ट्यूबचे तर २४०० च्या आसपास ल्युमेन होते, तिच्या जागी एक नऊ वॅट लावून "एलईडीचा उजेड पडत नाही" म्हणणारे लोक अजूनही भेटतात, त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलंच नाही.

शिवाय जुना बल्ब चहूकडे उजेड फेकायचा, एलईडीचा अर्धा भाग प्लास्टिक-अ‍ॅल्युमिनियमचा असल्यामुळे उजेड जास्त करून समोरच जातो. म्हणून खाली टेबलावर लख्ख आणि छताशी अंधारल्यासारखं. ६५०० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप) थंड पांढरा उजेड डोळ्याला जास्त वाटतो तेही वेगळंच, ल्युमेन तेवढेच असले तरी.

२०१८ पासून एलईडी बल्बवर स्टार लेबल सक्तीचं झालं. चांगलं झालं, पण स्टार मोजतो दर वॅटमागे ल्युमेन, एकूण उजेड नाही. पाच स्टारचा ५ वॅट तीन स्टारच्या ९ वॅटपेक्षा मंदच राहू शकतो. एकूण ल्युमेनचा आकडा खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात असतो, तो शोधावा लागतो.

तिथेच लिहिलेले २५,००० तास म्हणजे बल्ब तेवढे तास पहिल्यासारखा उजळ राहील असं नाही, त्या तासांपर्यंत उजेड सुरुवातीच्या ७० टक्क्यांपर्यंत उतरू शकतो असं धरलेलं असतं. आणि ते तासही मोजलेले असतात साध्या खोलीच्या तापमानाला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला, आणि त्याला चिकटून बंद काचेच्या डोममध्ये बल्ब. आतल्या ड्रायव्हरमधला, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला, कपॅसिटर हा भाग तापमान वाढलं की दर दहा अंशांमागे साधारण अर्धं आयुष्य गमावतो, त्यामुळे एलईडी शाबूत असतानाच बल्ब मिचमिच करायला लागतो. वरच्या मजल्यावर उघडा होल्डर किंवा भिंतीवरचा बॅटन (लांब पट्टीसारखा एलईडी दिवा) जास्त टिकतो, आणि निवडताना ल्युमेनच्या खालोखाल हीच गोष्ट बघायची.