माकडाच्या बोटांत खरंच स्पेशल मसल असतात का?

'माकडाच्या बोटांत स्पेशल मसल असतात, म्हणून ते फांदीला एवढं घट्ट धरतं', हा फॉरवर्ड लई वर्षं फिरतोय, आणि पन्हाळ्यावर माकडाला कठड्यावरनं उड्या मारताना बघितलं की कुणालाबी पटेल असंच आहे ते.

पण बोट वाकवणारा स्नायू बोटात नसतोच भावा, ना माकडाच्या ना आपल्या. तिथं हाडं, कातडी, नसा आणि कंडरा, म्हणजे दोरीसारख्या चिवट पट्ट्या, बास. ओढणारे मोठे स्नायू कोपरापासनं मनगटापर्यंत, आणि बारीकसारीक कामाचे तळहातात. खात्री करायची तर डाव्या हातानं उजवा हात कोपराखाली धरा आणि मूठ आवळा-सोडा, आतली हालचाल लगेच हाताला लागती. तालमीतल्या पैलवानाची बोटं बघा, ताकद तिथं दिसत नाही, कोपराखालचा हात मात्र कसला भरलेला असतोय!

आता 'स्पेशल'चं. स्नायूत मुख्यतः दोन जातीचे धागे, संथ धागे लवकर दमत नाहीत, जलद धागे झटका देतात पण लवकर थकतात, आणि माकडात काय माणसात काय, दोन्ही मिसळूनच असतात, फरक प्रमाणाचा. चिंपांझी (तसं ते माकड नव्हे, कपी, म्हणजे इंग्रजीत एप) घेतला तर त्याच्या स्नायूंत जलद धागे साधारण दोन तृतीयांश, आपल्यात संथ जास्त. तरी ताकद दहापट वगैरे नाही, तेवढ्याच स्नायूमागं साधारण 1.35 पट.

माकड लोंबकळतं त्यात हलकं अंगबी आलंच की.