चालू इंजिनाचे अपघातग्रस्त हेलिकॉप्टर

हेलिकॉप्टर कोसळले म्हणून त्याचे इंजिन बंद पडतेच असे नाही. सांगाडा कुशीवर कलंडला, पाती तुटली, तरी इंधन मिळते तोवर इंजिन चालू राहू शकते. धडधाकट हेलिकॉप्टरजवळ जाण्याचे नियम अशा वेळी अर्धेच उपयोगी पडतात, म्हणून बचावकार्यात या परिस्थितीचा वेगळा विचार करावा लागतो.

उभ्या हेलिकॉप्टरकडे वैमानिकाच्या नजरेसमोरून, वाकून जावे आणि शेपटीकडे फिरकू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. कुशीवर पडलेल्या हेलिकॉप्टरचा रोटर (फिरत्या पात्यांचा संच) मात्र उभ्या प्रतलात फिरतो आणि वाकण्याला काही अर्थ उरत नाही. पात्यांचे खुंट जमिनीवर आपटून त्यांचे तुकडे लांबवर उडतात. लहान हेलिकॉप्टरांत मुख्य रोटर मिनिटाला साधारण ४०० ते ५०० फेरे घेतो. शेपटीचा रोटर त्याच्या कितीतरी पट वेगाने फिरत असल्याने तो डोळ्यांना दिसतच नाही. शिवाय रोटर अडकून थांबलेला असला तरी इंजिनाचा जोर त्यावर असू शकतो, आणि सांगाडा जरा हलला की तो पुन्हा फिरू लागतो. म्हणून पाती पूर्ण थांबेपर्यंत दूर राहणे हाच पहिला नियम.

उतारावर दोन नियम एकमेकांच्या आड येतात. चढाच्या बाजूला फिरती पाती जमिनीच्या जवळ येतात, म्हणून खालून जावे. पण सांडलेले इंधन उताराकडेच वाहते, म्हणून वरून जावे. फिरते पाते तत्काळ जीव घेते, तेव्हा रोटर चालू असताना चढाची बाजू टाळायची आणि खाली इंधन वाहत असेल तर थांबायचे, हेच शहाणपणाचे. वारा पाठीशी असावा, म्हणजे धूर व वाफा अंगावर येत नाहीत.

इंजिन बंद करणे हे शक्यतो वैमानिकाचे काम. तो शुद्धीवर असेल तर गळ्यावरून हात आडवा फिरवून खूण करतात. गोंगाटात हाक ऐकू जात नाही. तो बेशुद्ध असेल तर रोटर थांबल्यावर प्रशिक्षित माणसाने थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारे नियंत्रण) बंद करून इंधनाची झडप मिटावी. नुसती बॅटरी तोडून इंजिन थांबेल, ही समजूत चुकीची आहे. टर्बाइनमधले (तप्त वायूच्या झोताने चकत्या फिरवणाऱ्या इंजिनातले) ज्वलन एकदा पेटले की ठिणगीवाचून चालते, तर पिस्टन इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या सामान्य मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. उलट काही हेलिकॉप्टरांतील इंधन झडपा आणि अग्निशामक बाटल्या विजेवरच चालतात, म्हणून बॅटरी सर्वांत शेवटी.

नियंत्रणाचे दुवे तुटले असतील तर यातले काहीच लागू पडत नाही. विमानाचे एक बोलके उदाहरण ४ नोव्हेंबर २०१० चे. क्वांटासचे एअरबस ए३८० सिंगापूरला उतरल्यावर, फुटलेल्या शेजारच्या इंजिनाच्या तुकड्यांनी तारा तोडल्यामुळे एक इंजिन बंदच होईना. अग्निशमन दलाने पाणी व फेस मारल्यावर, उतरल्यापासून दोन तासांहून अधिक काळाने ते थांबले. हेलिकॉप्टरच्या टर्बाइनवरचा भार तुटला आणि वेग आवरणारा नियामक निकामी झाला, तर ती बेफाम वेग घेऊन फुटू शकते. तिच्या चकत्यांचे तुकडे बहुधा फिरण्याच्या प्रतलात उडतात, म्हणून इंजिनाच्या बाजूला उभे राहू नये.

आतल्या माणसांना सहसा पट्टे बांधून रोटर थांबण्याची वाट पाहायला सांगतात. आग किंवा पाणी असेल तर मात्र हा नियम मोडावा लागतो. भेदरलेली माणसे बाहेर पडताच शेपटीकडे धावू नयेत, यासाठी त्यांना हाताला धरून नेणे बरे.

इंजिन थांबल्यावरही धूर बाहेर सोडणारा धूम्रमार्ग दीर्घकाळ तापलेला असतो. जळलेल्या कार्बन-तंतूंची धूळ श्वासात जाऊ नये म्हणून मुखपट्टी लागते. जुन्या गिअरबॉक्सची मॅग्नेशियमची आवरणे पेटली तर त्यांवर पाणी मारल्याने ज्वाला उसळतात. का-५२ या रशियन लढाऊ हेलिकॉप्टरात संकटात वैमानिकांची आसने बाहेर उडवण्यापूर्वी पाती तोडणारी स्फोटके असतात. अशा सैनिकी यंत्राला जाणकार येईपर्यंत हात लावू नये.