कॉलबॅक प्रॉप

रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत पान कंपोनंट नावाच्या तुकड्यांतून बांधतात. पॅरेंट (वरचा) कंपोनंट स्वतःकडचे फंक्शन प्रॉप (कंपोनंटला बाहेरून मिळणारे मूल्य) म्हणून चाइल्ड (त्याच्या आतल्या) कंपोनंटला देतो आणि चाइल्ड ते योग्य वेळी चालवतो. अशा प्रॉपला कॉलबॅक प्रॉप म्हणतात. फेसबुकने २०१३ साली रिॲक्ट सर्वांसाठी खुले केले. त्यात डेटा वरून खाली, एकाच दिशेने वाहतो. चाइल्डला मिळालेले प्रॉप वाचता येतात, बदलता येत नाहीत. त्यामुळे खालच्या बटणावर क्लिक झाल्याची खबर वर पोचवायची, तर वरूनच एक फंक्शन खाली द्यावे लागते.

खरेदीच्या पानावर ‘कार्ट’ हा कंपोनंट वस्तूंची यादी स्टेटमध्ये (कंपोनंटच्या स्वतःच्या, बदलत्या डेटात) ठेवतो आणि प्रत्येक वस्तूसाठी एक ‘कार्ट-ओळ’ रेंडर करतो, म्हणजे पडद्यावर मांडतो, असे धरू. ओळीवर ‘काढा’ हे बटण आहे. यादी कार्टच्या मालकीची, म्हणून वस्तू वगळणारे फंक्शनही कार्टमध्येच लिहायचे. ते वस्तूचा आयडी घेते, फिल्टरने नवी यादी तयार करते आणि ती स्टेटच्या सेटरला (स्टेट बदलणाऱ्या फंक्शनला) देते. ओळीला हे फंक्शन ‘ऑनरिमूव्ह’ या प्रॉपमधून मिळते. बटण दाबले की ओळ आपला आयडी देऊन ते चालवते, कार्ट पुन्हा रेंडर होतो आणि ओळ पडद्यावरून जाते. यादी कुठे आणि कशी ठेवली आहे याचा ओळीला पत्ता नसतो, म्हणून तीच ओळ विशलिस्टच्या पानावरही चालते.

प्रॉपचे नाव ‘ऑन’ने आणि फंक्शनचे ‘हँडल’ने सुरू करण्याचा प्रघात आहे, सक्ती नाही. सेटरच थेट खाली देणे मात्र टाळावे. तसे केल्यास ओळीला अख्ख्या यादीत हवा तो बदल करण्याची मुभा मिळते आणि पुढे यादी बिघडली की ती कुणी बिघडवली हे शोधायला प्रत्येक कंपोनंट उघडावा लागतो.

नवशिक्यांची सर्वांत नेहमीची चूक कंसांची. प्रॉपमध्ये फंक्शनचे नुसते नाव द्यायचे असते. नावापुढे कंस लावले, तर फंक्शन रेंडर चालू असतानाच चालते आणि प्रॉपमध्ये त्याचे उत्तर जाते, जे बहुधा ‘अनडिफाइंड’ (काहीच मूल्य नसलेले) असते. कार्टने ही चूक केली, तर दर रेंडरला कार्टचे स्वतःचेच स्टेट बदलते, पुन्हा रेंडर होते आणि शेवटी ‘टू मेनी री-रेंडर्स’ हा एरर येतो. ओळीने केली, तर कुणी काही न दाबता कार्ट रिकामे होते आणि एक कंपोनंट रेंडर होत असताना दुसऱ्याचे स्टेट बदलल्याची ताकीद कन्सोलमध्ये दिसते. याच्या उलट, बटणाच्या ऑनक्लिक या प्रॉपला ऑनरिमूव्ह नुसते नावाने दिले, तर आयडीच्या जागी क्लिकचा इव्हेंट ऑब्जेक्ट पोचतो. फिल्टरला जुळणारी वस्तू सापडत नाही, काहीच निघत नाही आणि एररही येत नाही. यावर उपाय म्हणजे एक छोटे ॲरो फंक्शन (बाणाच्या खुणेने लिहायचे फंक्शन) लिहून त्याच्या आत आयडीसह कॉल करणे.

जुन्या, फंक्शनऐवजी क्लास म्हणून लिहिलेल्या कंपोनंटमध्ये आणखी एक अडचण असते. मेथड (क्लासमधले फंक्शन) प्रॉपमधून दिली की तिचा ‘धिस’, म्हणजे आपल्या कंपोनंटशी असलेला दुवा, सुटतो. त्यासाठी कन्स्ट्रक्टरमध्ये (क्लासच्या सुरुवातीला चालणाऱ्या भागात) तो बाइंड करतात, म्हणजे पक्का बांधतात, किंवा मेथड ॲरो फंक्शन म्हणून लिहितात.

याहून खोल चुका एका गोष्टीतून येतात: कंपोनंटच्या आत लिहिलेले फंक्शन प्रत्येक रेंडरला नवे तयार होते. मजकूर तोच असला तरी जावास्क्रिप्टच्या लेखी दोन फंक्शने वेगळी. ओळ ‘मेमो’मध्ये (प्रॉप तेच असतील तर पुन्हा रेंडर टाळणाऱ्या सोयीत) गुंडाळली असेल, तर रिॲक्ट जुने आणि नवे प्रॉप ताडून पाहते. ऑनरिमूव्ह दरवेळी नवे दिसते, त्यामुळे एक वस्तू काढली तरी सगळ्या ओळी पुन्हा रेंडर होतात आणि मेमो वाया जातो. यूजइफेक्ट रेंडरनंतर एखादे काम (इफेक्ट) चालवते आणि डिपेंडन्सी, म्हणजे त्याला दिलेल्या यादीतली मूल्ये, बदलली की ते पुन्हा चालवते. त्या डिपेंडन्सीत असे फंक्शन असेल, तर इफेक्ट दर रेंडरला पुन्हा चालतो, आणि तो डेटा मागवून स्टेट बदलत असेल तर सर्व्हरकडे विनंत्यांची रांग लागते. २०१९ मधील १६.८ आवृत्तीत आलेले यूजकॉलबॅक डिपेंडन्सी बदलेपर्यंत जुनेच फंक्शन परत देते. ते सरसकट लावू नये. चाइल्ड मेमोमध्ये नसेल आणि फंक्शन कुठल्याही डिपेंडन्सीत नसेल, तर त्याचा उपयोग शून्य आणि कोड वाचायला जड.

प्रत्येक फंक्शन आपल्या रेंडरच्या वेळचे स्टेट धरून ठेवते, याचाही फटका बसतो. कार्ट आधी सर्व्हरला कळवतो आणि उत्तर आल्यावर यादी फिल्टर करतो, असे समजा. वापरकर्त्याने पहिले उत्तर येण्याआधीच दुसऱ्या ओळीचे ‘काढा’ दाबले, तर दोन्ही कॉल मूळच्याच यादीवर काम करतात. पहिली वस्तू जाते आणि दुसरे उत्तर येताच परत उगवते. सर्व्हरवर दोन्ही निघालेल्या असतात, म्हणून पान रिफ्रेश केले की सगळे ठीक दिसते आणि दोष पकडायला वेळ लागतो. येथे सेटरला नवी यादी न देता, ताजी यादी घेऊन नवी परत करणारे फंक्शन द्यावे. यूजकॉलबॅकची डिपेंडन्सी यादी रिकामी ठेवली, तरीही असेच जुने स्टेट अडकून राहते.

सेटरला दिलेले फंक्शन रिॲक्ट साठवत नाही, चालवते. त्यामुळे स्टेटमध्ये फंक्शनच ठेवायचे असेल, तर ते परत करणाऱ्या दुसऱ्या फंक्शनमध्ये गुंडाळावे लागते.

चार-पाच पायऱ्या खाली फंक्शन पोचवायचे झाले, की मधले कंपोनंट नुसते हमाली करतात. तिथे यूजरिड्यूसरचे (स्टेटचे सगळे बदल एका जागी लिहिण्याच्या सोयीचे) ‘डिस्पॅच’ हे बदल कळवणारे फंक्शन कॉन्टेक्स्टमधून, म्हणजे मधले कंपोनंट टाळून थेट खाली, देणे सोयीचे. ते रेंडरगणिक बदलत नाही. सर्व्हर कंपोनंटमधून (सर्व्हरवर चालणाऱ्या) क्लायंट कंपोनंटला (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या) साधे फंक्शन देता येत नाही, कारण मधल्या नेटवर्कवरून पाठवण्यासाठी त्याचे सीरियलायझेशन (पाठवता येईल अशा मजकुरात रूपांतर) होत नाही. ‘यूज सर्व्हर’ अशी खूण केलेली फंक्शने याला अपवाद; क्लायंटकडे फक्त त्यांचा संदर्भ जातो आणि ती चालतात सर्व्हरवरच.

व्ह्यू आणि अँग्युलर या रिॲक्टसारख्याच साधनांमध्ये हेच काम चाइल्डने इव्हेंट ‘एमिट’ करून, म्हणजे वर पाठवून, होते. स्वेल्ट या आणखी एका साधनातही आधी तशीच सोय होती; २०२४ च्या पाचव्या आवृत्तीपासून तिथे कॉलबॅक प्रॉप वापरण्याची शिफारस आहे.