आईपाशी राहायला १८० दिवसांची अट नाही

‘परदेशी पासपोर्ट घेतलास, आता आईपाशी सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येणार नाही’ हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारतात येण्या-राहण्यासाठी मिळणारं कार्ड, हाती असेल तर ते खरं नाही. १८० दिवसांची अट जुन्या पीआयओ कार्डाला, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना पूर्वी मिळणाऱ्या कार्डाला होती. त्याहून जास्त मुक्काम झाला तर परदेशी नागरिक म्हणून सरकारकडे नोंदणी करावी लागे. २०१५ मध्ये ती योजना ओसीआयमध्ये विलीन झाली. ओसीआय कार्ड असेल तर कितीही वर्षं राहा, त्या नोंदणीची गरज नाही. भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जाणाऱ्या आईला सोडून निव्वळ या आकड्याच्या धास्तीने परतीचं तिकीट काढणारी माणसं पाहिली की जीव तुटतो. १८२ दिवसांचा हिशेबही कानावर येतो, पण तो आयकराचा, मुक्कामाच्या परवानगीचा नव्हे.